मु. पो. खुलताबाद

ऑफिसात माझं अर्धं आयुष्य अहवालात गेलंय. मासिक अहवाल, तिमाही अहवाल, मग मागच्या अहवालातल्या त्रुटींवर काय केलं त्याचा अनुपालन अहवाल. साहेब बदलले की फॉरमॅट बदलतो, आतला मजकूर तोच राहतो, आणि तो कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्याला आणि मागणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. तर असाच एक अहवाल डोक्यात घोळत असताना मी एका संध्याकाळी शेजारच्या सरांकडे शंका घेऊन गेले. सर म्हणजे निवृत्त उर्दू शिक्षक, फारसी पक्की, अरबी कामापुरती, वय ८० च्या पुढे, आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना सरच म्हणतात. शंका गझाली नावाच्या जुन्या इस्लामी पंडिताच्या पुस्तकातली होती.

गझाली मी इंग्रजीतून वाचत होते. मला अरबी येत नाही, फारसी येत नाही, उर्दू ऐकून कळते पण वाचता येत नाही, म्हणजे हे सगळं जुनं सूफी वाङ्मय माझ्यापर्यंत येतं ते केंब्रिज, एडिंबरा, न्यू जर्सी असा वळसा घालून. बगदादहून नाहीतर तुर्कस्तानातल्या कोन्याहून निघालेली गोष्ट आधी विलायतेला जाणार आणि मग छत्रपती संभाजीनगरला माझ्या टेबलावर येणार. याची मला थोडी लाज वाटते. पण लाजेपोटी वाचायचंच नाही असं केलं असतं तर काहीच वाचून झालं नसतं.

तर गझाली. इराणमधल्या तूसचा, जन्म १०५८. १०९१ मध्ये, वय अवघं ३३, बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य आचार्य म्हणून नेमणूक, समोर ३०० विद्यार्थी, दरबारात वजन. आणि १०९५ च्या उन्हाळ्यात या माणसाची वाचा बसली. शिकवायला उभा राहिला की तोंडातून शब्द फुटेना. घास गिळेना, पोटात काही ठरेना. वैद्य आले, त्यांनी हात टेकले आणि सांगितलं की हे दुखणं काळजात उतरलंय आणि तिथून मिजाजात पसरलंय, मनावरचं ओझं उतरल्याशिवाय औषध लागू पडायचं नाही. (मिजाज म्हणजे प्रकृती. आपल्याकडे येऊन त्याची मिजास झाली, पण ते नंतर.) शेवटी हा मक्केला जातो असं लोकांना सांगून निघाला आणि गेला शामला, सिरियाकडे. हे सगळं त्याने स्वतः म्हातारपणी लिहून ठेवलंय, पुस्तक लहानसंच आहे, आणि मॉन्टगोमेरी वॉट नावाच्या एडिंबराच्या प्राध्यापकाने १९५३ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. ते इंग्रजी स्वच्छ आहे, परीटघडीचं. आजारी माणसाचं मनोगत असून इस्त्री कुठे मोडत नाही.

त्यात एक जागा आहे जिथे गझाली सूफींबद्दल बोलतो. म्हणतो, त्यांची पुस्तकं वाचून जेवढं कळण्यासारखं होतं तेवढं मला कळलं, पण नशा म्हणजे काय याची व्याख्या पाठ असणं वेगळं आणि झिंगलेलं असणं वेगळं. पोटातून वाफा उठतात आणि डोक्यात जातात ही व्याख्या शुद्धीवरच्या वैद्याला येते, झिंगलेल्याला त्यातलं काही माहीत नसतं, तो फक्त झिंगलेला असतो. आणि मग पुढे वाक्य येतं, इंग्रजीत साधारण असं की ही खरे अनुभव आलेली माणसं होती, शब्दांची माणसं नव्हेत. मला हे वाक्य फारच गुळगुळीत वाटलं. असं कोणीही कोणाहीबद्दल म्हणतं, निवृत्तीच्या निरोप समारंभात दर वेळी म्हणतात. म्हणून सरांना विचारायला गेले की मूळ काय आहे.

सरांनी कपाटातून पुस्तक काढलं, चष्मा पुसला, दोन-चार पानं पुढेमागे केली आणि वाचलं, "अरबाबुल अहवाल, ला अस्हाबुल अक्वाल."

म्हटलं, सर, अहवाल?

"हाल, हाल का अनेकवचन," सर म्हणाले. "अहवाल. तुझा ऑफिसातला अहवाल आहे ना बेटा, तोच. आणि अक्वाल म्हणजे कौलचं अनेकवचन. मतदारांनी कौल दिला म्हणता ना?"

मी तशीच बसून राहिले. म्हणजे गझाली म्हणतोय की हे अहवालाचे मालक आहेत, नुसत्या कौलवाल्यांतले नव्हेत. अहवाल म्हणजे अंगावरून गेलेलं, कौल म्हणजे तोंडाने बोललेलं. आणि आमच्याकडे अहवाल म्हणजे काय तर ज्यात अंगावरून गेलेलं काहीही शिल्लक नाही, नुसते शब्द, तीन प्रतींत. ९०० वर्षांत एक शब्द चालत चालत बरोबर समोरच्या बाजूला जाऊन बसला. इंग्रजी वाक्य चुकीचं नाही, अर्थ अगदी तोच आहे, फक्त इंग्रजी वाचकाला यात हसू यायचं कारण नाही आणि मला मात्र दुसऱ्या दिवशी साहेबांनी "अहवाल झाला का?" विचारलं तेव्हा तोंडात रुमाल धरायची वेळ आली.

त्या दिवसापासून मला नादच लागला. रद्दीतल्या अहवालांच्या पाठकोऱ्या बाजूला मी यादी करायला लागले. सूफी पुस्तकांच्या इंग्रजी भाषांतरात शेवटी एक परिभाषेची सूची असते, त्यात भाषांतरकारांनी भलेमोठे इंग्रजी शब्द दिलेले असतात आणि शेजारी मूळ अरबी शब्द. मी फक्त मूळ शब्द मोठ्याने वाचत जायचे. तौबा. सब्र. शौक. रिजा. फना. मकाम. अवलिया. हे तर सगळे आमच्या घरचेच. आईच्या तोंडचे. तोबा तोबा. जरा सबुरीने घे. पानाचा शौक. आज रजा टाकली. पोरांनी चिवड्याचा फन्ना उडवला. मुक्काम कुठे आहे. काय अवलिया माणूस आहे.

फना घ्या. सूफींकडे ही शेवटची गोष्ट, मी नावाचं जे काही आहे ते उरत नाही, संपतं. इंग्रजीत त्यासाठी जो लॅटिन वळणाचा शब्द वापरतात तो वाचून अणुबॉम्ब आठवतो. मराठीत तोच शब्द चिवड्याच्या डब्याच्या तळाशी आहे. आणि खरं सांगायचं तर मला चिवडा जास्त जवळचा वाटतो, कारण फन्ना उडतो तेव्हा डबा तिथेच असतो, फोडणीचा वास असतो, नाही तो फक्त चिवडा.

मकामाचं तर काय सांगू. मकाम म्हणजे साधनेच्या वाटेवरचा टप्पा. इंग्रजी भाषांतरांत त्याला स्टेशन म्हणतात, रुळलेला शब्द आहे, पण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे फलाट आणि हमाल. आपल्याकडे मुक्काम आहे. मुक्कामी एसटी माहितीय ना, रात्री गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पथारी टाकतात आणि पहाटे गाडी निघते. सूफींचा मकाम असाच आहे, तिथे राहायचं, तिथलं जे काही करायचं ते पुरतं करायचं आणि मग पुढच्या गावी. पहिला मुक्काम तौबा, पुढे सब्र वगैरे. अकराव्या शतकातला कुशैरी नावाचा एक गुरू म्हणून गेलाय की हाल, म्हणजे मनावर उतरणारी अवस्था, ही देणगी आहे आणि मकाम ही कमाई, त्याच्या वाक्यात कमाईसाठी जो शब्द आहे त्याच धातूपासून आपलं 'कसब' आलंय. म्हणजे मुक्काम कसबाने मिळवायचा असतो, हाल आपोआप होतात. हे मी सरांना ऐकवलं तेव्हा ते इतके हसले की काकू बाहेर येऊन बघून गेल्या. पोस्टाच्या पत्त्यात आपण मु. पो. लिहितो त्यातला मु. हाच. महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्याच्या पत्त्यात हा मकाम बसलेला आहे आणि कोणाच्या ध्यानीमनी नाही.

मला वाटलं होतं की बघा, केवढे उंचावरचे शब्द आणि आपण त्यांची काय दशा केली. तसं मी सरांना म्हटलंही, जरा हळहळून. सर म्हणाले, उलटं बघतेस. हे शब्द आधी बाजारातलेच होते. मकाम म्हणजे उभं राहायची जागा, सब्र म्हणजे धीर धरणं, कौल म्हणजे बोलणं. सूफींनी ते रस्त्यावरून उचलले आणि आत नेले. आणि आपल्याकडे ते आले तेही खानकाहातून, म्हणजे सूफी मठांतून, कमी आणि कचेरीतून जास्त, बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरातून, वसुलीच्या आणि छावणीच्या कागदांतून. रजा आली ती हुकमाच्या भाषेतून आली, ईश्वरेच्छेत समाधान मानणाऱ्या रिजामधून नव्हे. तेव्हा घसरण वगैरे काही नाही.

मग मला एकनाथ आठवले. दौलताबादचा किल्ला ओलांडून मी रोज जाते-येते, तिथे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते असं सांगतात. नाथांची 'अर्जदस्त' नावाची भारुडं आहेत, त्यात देहाचा सगळा कारभार थेट त्या काळच्या सरकारी फारसी वळणाच्या मराठीत अर्ज करून देवाला कळवलाय. नाथांनी केलं तेच सूफींनी केलं होतं, कचेरीचा शब्द उचलून देवघरात ठेवला. आणि इंग्रजी भाषांतरकाराची अडचण तिथेच आहे असं मला वाटायला लागलंय. त्याच्यापुढे तो शब्द येतो तो देवघरातूनच, अंगाला चंदन लावून, म्हणून तो त्याच्यासाठी तितकाच सोवळा इंग्रजी शब्द शोधतो. कचेरीचा वास त्याला येत नाही. आपल्याला फक्त कचेरीचाच येतो, ही आपली अडचण. हाल म्हणजे आपल्याला पटकन हालअपेष्टाच वाटणार. त्या सोवळ्या, कोशातल्यासारख्या इंग्रजीने मला कितीदा तरी सावरलंय, नाहीतर मी माझ्या आईच्या शब्दांवर विसंबून सगळंच उलटं वाचलं असतं.

यावर फारसी कवी रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्यात एक गोष्ट आहे. आता ही गोष्ट सांगू की नको असं मला वाटतंय, पण भाषांतराच्या इतिहासात ती टाळता येत नाही. रेनॉल्ड निकल्सन नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२५ ते १९४० या काळात रूमीची अख्खी मसनवी ८ खंडांत छापली, फारसी संहिता, इंग्रजी भाषांतर आणि दोन खंड नुसत्या टीपांचे. सहा दफ्तरं, म्हणजे भाग, २५ हजारांच्या आसपास द्विपद्या. इतकं काम एका माणसाने केलंय यावर विश्वास बसत नाही. भाषांतर रुक्ष आहे, पण शब्दाला शब्द जागेवर आहे, आणि जिथे इंग्रजीत समजावं म्हणून स्वतःचा शब्द घातलाय तिथे त्याने तो कंसात ठेवलाय, फार प्रामाणिक माणूस. फक्त रूमी मध्येच चावट होतो. आणि तो चांगलाच चावट होतो, आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला लाजवेल इतका. अशा जागी निकल्सनसाहेब इंग्रजी सोडतात आणि लॅटिन सुरू करतात. पान उलटावं तर इंग्रजी, इंग्रजी, आणि एकदम दहा ओळी लॅटिन, मग परत इंग्रजी, जसं काही झालंच नाही. म्हणजे ज्याला लॅटिन येतं तो सभ्य, त्याला बिघडायची भीती नाही.

पाचव्या दफ्तरात अशी एक गोष्ट आहे, एक दासी, एक गाढव आणि एक भोपळा. तपशील मी निकल्सनसाहेबांसारखाच गाळते. दासीचं काय चाललंय ते मालकिणीने दाराच्या फटीतून पाहिलं, तिला हेवा वाटला, काहीतरी निमित्त काढून दासीला बाहेर पाठवलं आणि तिने तेच करायला घेतलं. पण दासी भोपळ्याचा अडसर म्हणून उपयोग करत होती तो काही फटीतून दिसला नव्हता. मालकीण जिवाला मुकली. दासी परत येऊन म्हणते, बाई, तुम्ही एवढं सगळं बघितलंत, तेवढा भोपळा कसा बघितला नाही? रूमीचा रोख उघड आहे, अर्धं बघून गुरू होणाऱ्यांवर. पण मला ती भाषांतराचीच गोष्ट वाटते. आणि गंमत म्हणजे निकल्सनने नेमका तिथेच लॅटिनचा पडदा ओढला, त्यामुळे कित्येक वर्षं इंग्रजी वाचकाला फटसुद्धा मिळाली नाही.

फटीतून बघणाऱ्यांचं राज्य पुढे आलं. १९७६ मध्ये कोलमन बार्क्स नावाच्या अमेरिकन कवीला त्याच्या मित्राने, रॉबर्ट ब्लाय या कवीने, जुनी विद्वत्तेची भाषांतरं दिली आणि सांगितलं की या कवितांना पिंजऱ्यातून सोडवायला हवं. बार्क्सना फारसी येत नव्हती, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. निकल्सन, आर्बेरी यांच्या इंग्रजीवरून त्यांनी मोकळं अमेरिकन इंग्रजी केलं, १९९५ मध्ये मोठा संग्रह आला आणि रूमी मग आणि उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचला. त्यातली सगळ्यात फिरलेली ओळ तुम्हीही वाचली असेल, चुकीच्या आणि बरोबरच्या पलीकडे एक शेत आहे, तिथे मी तुला भेटेन. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेवर होती.

ती ज्या रुबाईवरून, म्हणजे चार ओळींच्या कवितेवरून, घेतली ती सरांना पाठ आहे. "अज कुफ्र ओ अज इस्लाम बिरून सहराईस्त, मा रा ब-मियान-ए आँ फजा सौदाईस्त." चूक-बरोबर नाही, कुफ्र (म्हणजे इस्लाम नाकारणं) आणि इस्लाम, हेच दोन शब्द आहेत, आणि तेराव्या शतकातल्या कोन्यात मदरशात शिकवणारा, नमाज पढणारा, कुराणाच्या आयती श्वासासारख्या वापरणारा माणूस ते म्हणतोय. शेत नाही, सहरा, उघडं माळरान. आणि तिथे आमचा सौदा. या फारसी शब्दात ध्यास, वेड असं सगळं आहे, शिवाय बाजारातला सौदाही त्याच अक्षरांत आहे. पुढे भेटणं वगैरे काही नाहीच. जाणता तिथे पोचला की डोकं टेकवतो, तिथे ना कुफ्र, ना इस्लाम, ना जागा. शेवटचं हे 'जा', आपल्या जागेतलं. म्हणजे जिथे भेटायचं ठरलं ती जागाच शेवटच्या शब्दाला काढून घेतली. लग्नपत्रिकेवर हे छापता येत नाही, मान्य.

बार्क्सवर लोक फार चिडतात, रूमीतला इस्लाम पुसला म्हणून, आणि ते चिडणं रास्त आहे. मीही चिडते. पण मी रूमीकडे आले ती त्या शेतातूनच आले, थेट निकल्सनच्या पहिल्या खंडाशी कोणी भेट घालून दिली असती तर दहा पानांत पळाले असते. हे कबूल केलेलं बरं. कुफ्र आणि इस्लाम हे शब्द काढल्यावर जे उरतं ते सुंदर असलं तरी फुकटचं आहे, कारण ओलांडायला काहीच राहत नाही. ज्याच्याकडे कुंपणच नाही त्याला माळरानाचं काय.

भाषांतराबद्दल आणखी एक गंमत, थोडक्यात. इब्न अरबी या सूफी गुरूने मक्केत एका विद्वानाच्या मुलीला, निजाम तिचं नाव, मनात ठेवून प्रेमकविता लिहिल्या, लोकांनी बोटं मोडली, तेव्हा त्याने स्वतःच त्यांवर आध्यात्मिक टीका लिहून दिली. संग्रहाचं नाव तर्जुमान अल-अश्वाक. तर्जुमा म्हणजे भाषांतर, अश्वाक हे शौकचं अनेकवचन, म्हणजे शौकांचा दुभाष्या. याचं पहिलं इंग्रजीही निकल्सननेच १९११ मध्ये केलं, दुभाष्याचा दुभाष्या. आणि फारसी कवी अत्तारच्या काव्यातले पक्षी आपला राजा सीमुर्ग याला शोधत जातात, तीस उरतात आणि शेवटी सी मुर्ग म्हणजे तीस पक्षी ते आपणच असं निघतं, तो श्लेष इंग्रजीत मेलाच, मराठीत मला मुर्ग म्हटलं की ढाब्याचं मेनूकार्डच दिसतं, तेव्हा आपणही फार शेफारायला नको.

आता खुलताबाद. आमच्या शहरापासून २५ किलोमीटरवर. लोक भद्रा मारुतीला येतात, वेरूळला जाता जाता थांबतात, औरंगजेबाची कबर बघतात नाहीतर तिच्यावरून भांडतात. तिथेच अमीर हसन सिज्जी नावाचा कवी पुरलेला आहे. दिल्लीचा, अमीर खुस्रोचा मित्र. १३०८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, हा निजामुद्दीन अवलियांकडे जायला लागला आणि १३२२ पर्यंत त्यांच्या १८८ बैठकींत ते काय बोलले ते लिहून ठेवत गेला, लिहिलेलं त्यांना दाखवून दुरुस्त करून घेत गेला. फवाइद अल-फुवाद. आपल्या लीळाचरित्राच्या जातीचं पुस्तक, फक्त म्हाइंभटांना नंतर माणसं गाठून गाठून आठवणी गोळा कराव्या लागल्या, हा समोर बसून लिहीत होता. पुढे तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या रेट्यात हसन इकडे आला आणि इथलाच झाला.

त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर ब्रूस लॉरेन्स या अमेरिकन प्राध्यापकाने केलं, १९९२ मध्ये न्यू जर्सीच्या एका कॅथलिक प्रकाशनाने काढलं, आणि ज्या मालेत काढलं तिचं नाव पाश्चात्त्य अध्यात्माचे अभिजात ग्रंथ. दिल्लीचा पीर, देवगिरीला पुरलेला लेखक, पाश्चात्त्य अध्यात्म. मी ते ऑनलाइन मागवलं, सात समुद्रांपलीकडून तीन आठवड्यांनी आलं, आणि कबर माझ्या घरापासून पाऊण तासावर. मी गेलेही एका रविवारी. चहाच्या टपरीवर विचारलं, हसन सिज्जी कुठे? पोरगा म्हणाला, "ताई, औरंगजेब का? असं सरळ जा." दुसऱ्या एका आजोबांनी मात्र बरोबर वाट दाखवली, आणि हात करता करता विचारलं, कविता करता का तुम्ही? म्हटलं नाही, अहवाल लिहिते.

तर त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. हसन नोकरदार माणूस, त्याचा पगार थकलाय, चेहरा पडलाय. शेखसाहेबांच्या, म्हणजे निजामुद्दीन यांच्या, ते लक्षात येतं. ते सांगतात, एका गावात एक ब्राह्मण होता, श्रीमंत. तिथल्या हाकिमाने त्याची सगळी मालमत्ता जप्त केली. ब्राह्मण कंगाल होऊन रस्त्याने चाललेला, समोरून मित्र आला, विचारलं, काय हाल? ब्राह्मण म्हणाला, झकास. मित्र म्हणाला, अरे सगळं नेलं ना तुझं? तर हा म्हणतो, जानवं आहे ना माझ्यापाशी.

फारसीत तिथे जुन्नार आहे, सरांनी सांगितलं. फारसी कवितेत जुन्नार म्हटलं की कधी ख्रिस्ती माणसाच्या कमरेची दोरी, कधी काफिराची खूण, त्यावर शेकड्याने श्लेष. इंग्रजीत भाषांतरकाराला पवित्र धागा म्हणून सांगावं लागतं. इथे मराठीत मला नुसतं जानवं म्हणून पुढे जाता येतं, आणि मुसलमान शेख आपल्या मुसलमान शिष्याला धीर द्यायला ब्राह्मणाचं जानवं काढून दाखवतो यात काही विशेष आहे हेही मला दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, पहिल्यांदा मी फक्त थकलेल्या पगारावर अडकले होते.

कारण त्या महिन्यात आमचेही थकले होते. ग्रँट आली नाही, सही राहिली, सर्व्हर डाउन, जे काय असेल ते. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचा गृहकर्जाचा हप्ता बाउन्स झालेला, डबा उघडून नुसते बसले होते. मी त्यांना ही गोष्ट सांगितली, शेख, हसन, ब्राह्मण, जानवं, सगळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मॅडम, बँक जानवं धरत नाही."

पगार १९ तारखेला झाला.